देवबाग–निवती–मालवण: दिवसभरासाठी होडी भाड्याने घेण्याविषयी

किनारवाट (प्रश्न):

नमस्कार. जानेवारी महिन्यात आम्ही कुटुंबातील सहा जण देवबागला राहणार आहोत. सोबत दहा-बारा वर्षांची दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले माझे वडील आहेत. तिकीट काढून गर्दीबरोबर अर्ध्या तासाची फेरी मारण्यापेक्षा एक होडी दिवसभरासाठी ठरवावी आणि कर्ली नदीचा संगम, निवतीचे खडक, वेंगुर्ला रॉक्स आणि परतताना सिंधुदुर्ग किल्ला असे सारे एकाच दिवसात पाहावे, असा विचार आहे. हे शक्य आहे का? होडी स्वतः चालवायला मिळते का? तारीख ठरवताना आणि होडीवाल्याशी बोलताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

खाडीकाठ:

होडी स्वतः चालवण्याचा विचार मनातून काढून टाका. आपल्याकडे होडी भाड्याने घेणे म्हणजे ती तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) आणि खलाशासह घेणे, आणि या किनाऱ्यावर तेच योग्य आहे, कारण देवबागच्या संगमाजवळ नदीने आणून टाकलेली वाळू प्रत्येक पावसाळ्यानंतर जागा बदलते आणि गेल्या वर्षीची खोल वाट यंदा उथळ झालेली असू शकते. ही वाट रोज ये-जा करणाऱ्यालाच ठाऊक असते.

तारखेविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमचा दिवस कसा जाईल हे घड्याळापेक्षा तिथीवर अधिक अवलंबून आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारणपणे हाती येते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. अष्टमीला तो सहा वाजता येतो, द्वादशीला नऊ वाजता. खाडीचे तोंड ओलांडताना पुरेसे पाणी हवे असते, आणि ओहोटीचा जोर असताना बाहेर पडणारे पाणी व समोरून येणाऱ्या लाटा एकमेकांवर आदळून तिथे होडी फार हेलकावते. म्हणून एकादशी-द्वादशीच्या सुमारास, चढत्या पाण्यावर सकाळी सात-साडेसातला बाहेर पडावे आणि साडेदहाच्या आत परत खाडीत यावे, हे सर्वांत सुखाचे. त्याच दिवशी दुपारी ओहोटी लागली की त्सुनामी आयलंड म्हणून ओळखला जाणारा वाळूचा पट्टा मोकळा होतो, तेव्हा मुलांना तिथे नेता येईल. पौर्णिमा आणि अमावस्येच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो. सोबत वृद्ध माणसे असताना ते दिवस टाळावेत.

लवकर निघण्याचे आणखी एक कारण वारा आहे. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा मंद वाहतो, समुद्र शांत असतो आणि निवतीच्या बाजूला डॉल्फिन दिसण्याची शक्यताही तेव्हाच अधिक असते. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो आणि परतीचा प्रवास अंगावर पाणी घेत करावा लागतो. त्यामुळे तुम्ही लिहिलेली चारही ठिकाणे एका दिवसात बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संगम आणि निवती एक दिवस ठेवा. सिंधुदुर्ग किल्ला दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावरून करा. तिथली होडी काही मिनिटांतच किल्ल्याला लावते. १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या अठ्ठेचाळीस एकरांच्या किल्ल्याला थकून परतताना उरलेला तासभर देणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. शिवराजेश्वराचे मंदिर आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी स्वस्थपणे पाहण्यासारख्या आहेत.

नांगर_दोर:

वरील उत्तराशी सहमत आहे. सुरक्षिततेविषयी थोडी भर घालतो.

होडी ठरवण्याआधी तिची महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी, प्रवासी नेण्याचा परवाना आणि त्यावर लिहिलेली प्रवासीसंख्या दाखवण्याची विनंती करा. विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्यांचे कागद नीट आहेत ते आनंदाने दाखवतात. केवळ मासेमारीची नोंदणी असलेली होडी स्वस्त पडली तरी घेऊ नका. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, हे आदल्या दिवशीच पाहून घ्या, कारण मोठ्या मापाचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निसटते. जॅकेट होडीत ठेवलेले असणे पुरेसे नाही. निघण्यापासून उतरेपर्यंत ते सर्वांच्या अंगात बांधलेले असावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. अशा प्रसंगी जॅकेट शोधून घालायला वेळ मिळत नाही.

खोल समुद्रात मोबाइलचा भरवसा धरू नये. वायरलेस संच आहे का ते विचारा, आणि कोणत्या मार्गाने जाणार व किती वाजता परतणार हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक जवळ ठेवा. भाडे ठरवताना इंधन, थांबण्याचा वेळ आणि समुद्र खवळल्यामुळे मधूनच परतावे लागल्यास पैशांचे काय, हे तिन्ही मुद्दे आधी बोलून घ्या. शेवटचा मुद्दा राहून गेला की तांडेलावर पुढे जाण्याचा दबाव येतो, आणि तसा दबाव येऊ नये हे तुमच्याच हिताचे आहे.

पाणपक्षी:

वेंगुर्ला रॉक्सविषयी कळकळीने लिहीत आहे. तिथे जायचे असेल तर होडीतूनच पाहून परता. बेटावर उतरण्याचा आग्रह तांडेलाकडे धरू नका. त्या खडकांवर धक्का नाही आणि लाटांच्या माऱ्यात उतरणे धोक्याचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथल्या गुहेत लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची वसाहत आहे. ही घरटी खाण्यासाठी विकली जात असल्यामुळे त्यांची चोरी होत आली आहे. सुरय पक्षीही त्या खडकांवर अंडी घालतात. माणूस जवळ आला की ते अंडी उघडी टाकून उडतात.

स्नॉर्केलिंग करणार असाल तर त्यासाठी अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे भांगाचा (भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असलेला) दिवस निवडा. पाणी कमी ढवळले गेल्याने तळ स्वच्छ दिसतो. मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ साली घोषित झाला आहे. तिथल्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून प्रवाळावर उभे राहू नये आणि त्यावर नांगर टाकू देऊ नये. डॉल्फिन दिसले तर इंजिन मंद करायला सांगा आणि त्यांच्या वाटेत होडी आडवी घालू देऊ नका. पाठलाग न करणाऱ्या होडीजवळ ते पुष्कळदा आपणहून येतात.

किनारवाट:

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्ला रॉक्स वगळून दोन दिवसांची आखणी करत आहे आणि तारीख एकादशीची पाहत आहे. एकच शंका राहिली: वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना होडीत चढणे कितपत जमेल?

खाडीकाठ:

तारकर्लीच्या पुळणीवरून लाटांत उभे राहून चढणे त्यांना जड जाईल, तेव्हा तिथून निघू नका. देवबागला खाडीच्या बाजूने, संथ पाण्यात चढता येते. तिथे होडी काठाला टेकवून दोन खलाशी हात देतात. त्यांना पुढच्या टोकाला न बसवता मागे, इंजिनाच्या बाजूला बसवा, कारण लाटेचा धक्का पुढे सर्वांत अधिक लागतो. मालवणच्या धक्क्यावर पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, म्हणून किल्ल्याच्या दिवशी पाण्याची पातळी वर असताना, म्हणजे सकाळीच चढवून घ्या.