मुंबई की पुणे? क्रमवारीतली घसरण आणि खरी वाढ

(एका ऑनलाइन धाग्यावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गणेशखिंड

सप्टेंबर २०२५ मध्ये एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीची, यादी आली. विद्यापीठ गटात मुंबई विद्यापीठ ५४ व्या क्रमांकावर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ५६ व्या. आदल्या वर्षी पुणे २३ वं होतं, मुंबई ६१ वं. राज्य विद्यापीठांच्या वेगळ्या गटातही पुणे तिसऱ्यावरून अकराव्यावर आलं. तेव्हापासून जो तो म्हणतोय, मुंबईने पुण्याला मागे टाकलं.

मला हे पटत नाही. पुणे घसरलं हे खरं, पण त्यावरून मुंबई चढली असं होत नाही. मुंबई २०२२ ला ४५ वी होती, मग ५६, मग ६१, आता ५४. तीन वर्षांपूर्वीची जागासुद्धा तिला अजून परत मिळालेली नाही. शिवाय त्याच २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या क्यूएस या परदेशी संस्थेच्या जागतिक यादीत पुणे ५६६ वं आणि मुंबई ६६४ वी. एकाच वर्षात एक यादी पुण्याला वर नेते, दुसरी खाली ढकलते. निकाल सांगण्याआधी कोणती यादी काय मोजते ते बघायला नको का?

कलिना गेट

बघूच. क्यूएसमध्ये ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाला आणि १५ टक्के कंपन्यांमधल्या नावलौकिकाला. म्हणजे जवळपास निम्मे गुण 'तुम्हाला कोणती विद्यापीठं चांगली वाटतात' या प्रश्नावर. पुण्यात परदेशी विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या येतात, त्यामुळे बाहेर ते नाव रुजलंय. त्याचा मान आहेच, पण ती जुनी पुण्याई झाली, आजची वाढ नव्हे.

नॅकचं, म्हणजे विद्यापीठांना गुण आणि श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, बोला की. २०२१ मध्ये मुंबईला ४ पैकी ३.६५ गुणांसह ए डबल प्लस ही सर्वांत वरची श्रेणी मिळाली. पुण्याकडे २०१७ चं ए प्लस. तिथे तर समिती विभागात येते, कागद तपासते, विद्यार्थ्यांशी बोलते.

गणेशखिंड

पुण्याचे २०१७ चे गुण किती होते तेही लिहा ना. ३.६०. तेव्हाच्या पद्धतीत ३.५१ ते ३.७५ ला ए प्लस मिळायचं आणि ए डबल प्लससाठी ३.७६ लागायचे. पुढे नॅकने श्रेणीच्या पायऱ्या बदलल्या आणि ३.५१ पासूनच ए डबल प्लस सुरू झालं. त्या नव्या फूटपट्टीने पुण्याचे ३.६० सुद्धा ए डबल प्लसच. फरक पाच शतांशांचा, आणि प्रवेशाच्या जाहिरातीत तो एका अख्ख्या श्रेणीचा दिसतो.

कलिना गेट

हे मान्य. श्रेणीपेक्षा गुण बघावेत. पण चार वर्षांनंतरचं, नव्या निकषांवरचं मूल्यांकन २०१७ च्या शेजारी ठेवून 'बरोबरी' म्हणणंही बरोबर नाही. नॅकचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं ते काही उगीच नाही.

आकडेमोड

दोघंही क्रमांकावर भांडताय, सूत्र उघडून कोणीच बघितलेलं नाही. एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात अध्यापन आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३०, निकाल आणि पदव्या २०, सर्वसमावेशकता १०, लोकांमधली प्रतिमा १०. वरवर पाहता शिक्षकांची संख्या हा अध्यापनातला एक छोटा उपनिकष. प्रत्यक्षात रिकामी जागा तीन ठिकाणी गुण खाते.

पहिलं, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण. १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असला की पूर्ण गुण. ३० मागे एक असला की निम्मे. ५० च्या पलीकडे गेलं की थेट शून्य. समजा विभागांत मिळून ६,००० विद्यार्थी आहेत. पूर्ण गुणांना ४०० शिक्षक हवेत. २०० असतील तर निम्म्यावर आलात. निवृत्तीने ११९ वर आलात तर खातं रिकामं. दोन्ही सत्रं पूर्णवेळ शिकवलेले कंत्राटी शिक्षक धरले जातात. तासिका तत्त्वावरचे, आपण सीएचबी म्हणतो ते, धरत नाहीत. अर्धा विभाग सीएचबीवर चालत असला तरी यादीच्या लेखी ते शिक्षक नाहीतच.

दुसरं, अनुभव. आठ वर्षांपर्यंतचे, आठ ते पंधरा वर्षांचे आणि पंधरा वर्षांवरचे, असे तिन्ही थर एकेक तृतीयांश असावेत अशी अपेक्षा असते. भरती वर्षानुवर्षं थांबली की खालचा थर मोकळा होतो आणि अनुभवाच्या दहा गुणांपैकी तीन तिथेच जातात. उरलेले सगळे प्राध्यापक कितीही विद्वान असोत.

तिसरं कुणाच्या लक्षातच येत नाही. शोधनिबंधांची संख्या शिक्षकसंख्येने भागतात. एखाद्याला वाटेल, शिक्षक कमी तर भागाकार मोठा, फायदाच झाला. तसं होत नाही. प्रत्यक्ष शिक्षक आणि १५ ला एक या हिशेबाने असायला हवे तेवढे शिक्षक, यातला जो आकडा मोठा त्यानेच भागतात. म्हणजे ४०० च्या जागी २०० माणसं काम करत असली तरी त्यांचे निबंध ४०० जणांत वाटले जातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गणेशखिंड

मग पुण्याची घसरण ही शिक्षणाची नाही, भरतीची आहे, हेच सिद्ध झालं की.

आकडेमोड

भरती आणि शिक्षण वेगळं कसं काढता? प्रयोगशाळेत वीस जणांच्या तुकडीला एक शिक्षक हवा तिथे चाळीस जणांची एक तुकडी केली, की निम्मी मुलं उपकरणाला हात न लावता नोंदवही पूर्ण करतात. क्रमांक वर्षभराने खाली येतो, शिकणं त्याच सत्रात बिघडतं.

आणि हे एकट्या पुण्याचं दुखणं नाही. राज्य विद्यापीठात एक जागा भरायची तर आधी बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षणाची याची यादी) तपासून घ्यायची, वित्त विभागाची मान्यता आणायची, मग जाहिरात, अर्जांची छाननी, आणि कुलपतींचा प्रतिनिधी असलेली निवड समिती. मध्येच आरक्षणाचा नियम बदलला किंवा कुलगुरूंची मुदत संपली की गाडं पुन्हा पहिल्या पायरीवर. ही साखळी मुंबईलाही तीच, कोल्हापूरलाही तीच.

रसायनवाला

संशोधनाच्या बाजूचं एक कारण कोणीच मांडलेलं नाही. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले पीएचडीचे विद्यार्थी पूर्वी पुणे विद्यापीठात नोंदणी करायचे. पदवी विद्यापीठाची, प्रबंध विद्यापीठाचा, निबंधावरही बऱ्याचदा विद्यापीठाचं नाव. संसदेने कायदा करून सीएसआयआरची, म्हणजे ही प्रयोगशाळा जिच्याखाली येते त्या केंद्राच्या संशोधन परिषदेची, स्वतःची अकादमी उभी केली, तिला पदवीचे अधिकार दिले, आणि ती नोंदणी तिकडे वळली.

मुंबईचं हेच आधी झालं. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) २००२ मध्ये अभिमत, म्हणजे स्वतः पदवी देणारं, विद्यापीठ झालं, अणुऊर्जा विभागाचं होमी भाभा राष्ट्रीय संस्थान २००५ मध्ये. माटुंग्याचं यूडीसीटी, १९३३ पासूनचा मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, २००८ मध्ये आयसीटी म्हणून वेगळं झालं. मुंबईचा संशोधनातला सर्वांत वजनदार विभाग एका कागदाने बाहेर पडला. पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. वैद्यकीय महाविद्यालयं तर १९९८ पासूनच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे.

म्हणून मुंबईच्या १८५७ च्या किंवा पुण्याच्या १९४९ च्या नावाला आजचा आकडा चिकटवताना मधल्या काळात घरातून कोण कोण वेगळं निघालं तेही मांडा. ही विद्यापीठं वाढली नाहीत असं नाही, त्यांची वाढ दुसऱ्यांच्या खात्यावर जमा होते.

गणेशखिंड

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. याला जोडून अजून एक. पुण्याचं नाव २०१४ मध्ये बदललं, मुंबईचं १९९६ मध्ये. निबंधावर कोणी 'पूना', कोणी 'पुणे', कोणी नुसती आद्याक्षरं लिहितं. स्कोपस या शोधनिबंधांच्या नोंदसंग्रहात ही सगळी रूपं एका नोंदीखाली जोडून घ्यावी लागतात, नाहीतर स्वतःचेच निबंध मोजणीबाहेर राहतात. प्रत्येक विभागाने पत्ता एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहिला तर हे काम फुकटात होतं.

सावंतवाडी

तुमची सगळी चर्चा दोन संकुलांची चाललीय. एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात संलग्न महाविद्यालयं धरतच नाहीत. मुंबईची हद्द सात जिल्ह्यांची: मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पुण्याची पुणे, अहिल्यानगर, नाशिक. दोन्हीकडे बहुतेक विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. कणकवलीच्या बीएस्सीच्या मुलीला ५४ आणि ५६ मधल्या फरकाने काय मिळणार?

तिला तीन गोष्टी हव्यात. निकाल वेळेवर, गुणपत्रिकेत चूक नाही, आणि चूक झालीच तर चारशे-पाचशे किलोमीटर न जाता ती दुरुस्त व्हावी. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचं बंधन आहे. मुंबईत २०१७ ला काय झालं ते आठवा. १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, आणि सगळ्या शाखांना एकाच फटक्यात ऑनस्क्रीन मूल्यांकन, म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासणं. परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राटाचं काम चालूच. स्कॅनिंग मागे पडलं, बारकोड जुळेनात, शिक्षकांना लॉगिन मिळेना. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करावं लागलं. पद्धत वाईट नव्हती. एका छोट्या शाखेवर एक सत्र चालवून बघायला हवी होती.

कोकणासाठी वेगळं विद्यापीठ मागतात ते याच कारणाने.

कलिना गेट

२०१७ चं समर्थन मी करणार नाही. पण सात जिल्हे आणि आठशेच्या वर महाविद्यालयं सांभाळणाऱ्या विद्यापीठाला क्रमवारीत त्या कामाचा एक गुणही मिळत नाही, हा माझा मूळ मुद्दा तुम्हीच पक्का केलात. परीक्षा विभागात गुंतलेला प्राध्यापक निबंध कधी लिहिणार?

रंकाळा

दोघांच्या भांडणात तिसरं नाव. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.५२ गुणांसह ए डबल प्लस मिळालंय. मटेरियल सायन्समधलं काम तिथलं नावाजलेलं. एमएस्सी फिजिक्स-केमिस्ट्रीसाठी मुंबई-पुण्याच्या खोलीभाड्याचा हिशेब करून बघा आणि मग ठरवा.

आकडेमोड

एमएस्सीला येणाऱ्यांसाठी सांगतो. प्रत्येक सहभागी संस्थेला एनआयआरएफला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा, मागची दोन वर्षंही. क्रमांक बघू नका, चार आकडे काढा: प्रत्यक्ष विद्यार्थी, शिक्षकांची संख्या, त्या वर्षी पूर्ण झालेल्या पूर्णवेळ पीएचडी, आणि प्रयोगशाळेच्या नव्या उपकरणांवरचा खर्च. विद्यार्थ्यांना शिक्षकांनी भागा. उपकरणांचा खर्च एका वर्षी फुगलेला आणि पुढे कोरडा दिसला तर ते एकदाच आलेलं अनुदान असतं. मग विभागाच्या पानावर जाऊन नियमित प्राध्यापक किती आणि सीएचबी किती ते मोजा. विद्यापीठाचा आकडा सरासरी असतो, तुम्ही शिकणार एका विभागात.

गणेशखिंड

हे करून बघा, मीही सांगेन. तरी माझं मत कायम आहे. विभागवार मोजलंत तर मूलभूत विज्ञानात पुणे अजून पुढे निघेल. शेजारी आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र संकुलातच आहेत, व्याख्यानाला चालत जाता येतं.

कलिना गेट

आणि अर्थशास्त्र, कायदा घेऊन मोजलंत तर फोर्ट-कलिना, म्हणजे मुंबईची संकुलं, पुढे निघतील. विज्ञान तुमचं धरून चालू. बाकीच्या विभागांचे चार-चार आकडे मी काढतो, तुम्ही पुण्याचे काढा, याच धाग्यावर शेजारी-शेजारी ठेवू.