सल्ला हवा: आईच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओसाठी स्मूद जॅझ आता कुठे मिळेल?

मोगरा_एडिसन

नमस्कार मंडळी,

आम्ही १९९६ पासून न्यू जर्सीत, एडिसनला. बाबा गेल्यावर २००१ मध्ये आई आमच्याकडे राहायला आली. आता ती ८१ वर्षांची आहे. इंग्रजी बोलायची सवय तिला कधी लागली नाही, पण इथल्या रेडिओची मात्र लागली. ओट्याशेजारी खिडकीत एक जुना रेडिओ आहे, गोल बटण फिरवून काटा सरकवायचा. त्याच्या काचेवर १०१.९ च्या आकड्यावर तिने लाल टिकली चिकटवली आहे. कुणी काटा हलवलाच तर तिला चष्मा न शोधता तो परत जागेवर आणता यायचा.

ते स्टेशन म्हणजे न्यूयॉर्कचं सीडी १०१.९. दिवसभर स्मूद जॅझ, म्हणजे हलकं, संथ, बहुतेक नुसत्या वाद्यांचं जॅझ. सोप्रानो सॅक्सोफोनला ती सनईच म्हणते. "लाव गं ती सनई" म्हणजे रेडिओ लाव.

५ फेब्रुवारी २००८ चा मंगळवार मला चांगला आठवतो. न्यूयॉर्कचा जायंट्स संघ सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला होता, त्यांची शहरात मिरवणूक होती. मी घरी पोचले तेव्हा आईने रेडिओ दोनदा बंद करून परत लावला होता. मला म्हणाली, "काटा टिकलीवरच आहे, पण आत दुसरंच कुणीतरी शिरलंय." त्या दुपारी स्टेशनने स्मूद जॅझ बंद करून रॉक सुरू केलं होतं.

पुढे सीडी झाल्या, मग फोनवरच्या याद्या. तिला ते रुचत नाही. फोन उघडावा लागतो, हाताला पीठ असतं, आणि मुख्य म्हणजे मध्ये कुणी बोलत नाही. वेळ किती झाली, बाहेर थंडी किती, आत्ता वाजवलं ते कुणी, हे सांगणारा माणूस तिला हवा असतो.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, असं स्टेशन आता कुठे आहे, आणि ते तिला एका बटणावर लागेल असा रेडिओ कोणता घ्यावा? दुसरं, आमच्या ऑफिसात, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे हेच लागलेलं असायचं. इतके लोक ऐकत असताना ते गेलं कसं?

रात्रपाळी

सिरियस एक्सएम या उपग्रह रेडिओवर वॉटरकलर्स नावाचा चॅनल आहे, पूर्ण स्मूद जॅझ. मी ट्रक चालवतो, रात्रभर तोच असतो. पण वर्गणी भरावी लागते आणि तुमच्या गावचं हवामान काही तो सांगणार नाही. काकूंच्या कामाचा कितपत, ते तुम्ही ठरवा.

आकडेमोड

मी शिकागोत जाहिरातींसाठी रेडिओची वेळ विकत घेण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. जरा लांबेल.

पूर्वी आर्बिट्रॉन ही रेडिओचे श्रोते मोजणारी कंपनी घराघरांत कागदी डायरी पाठवायची. आठवडाभर काय ऐकलं ते आपल्या हाताने लिहायचं. ऑफिसात सकाळी नऊला स्मूद जॅझ लावलेला माणूस सरळ नऊ ते पाच अशी रेघ ओढायचा. मध्ये तो दोन मीटिंगांना गेला, जेवायला गेला, ते त्या रेघेत दिसत नसे. बहुतेक स्टेशनांचा यात थोडाफार फायदा व्हायचा, स्मूद जॅझचा फार. कारण त्याचं सगळं बळ लोक किती वेळ ऐकतात यावर होतं.

२००७ पासून फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टनपासून सुरुवात करून पीपल मीटर आला. कमरेला लावायचं पेजरएवढं यंत्र. स्टेशन आपल्या प्रक्षेपणातच एक सांकेतिक खूण मिसळतं, यंत्र ती ऐकून नोंद करतं. नोंदी आल्या तेव्हा दिसलं की लोक डायरीत लिहीत त्यापेक्षा जास्त स्टेशनं ऐकतात, पण एकेक कमी वेळ. ज्याचा जीव वेळेत होता तो कोसळला.

त्यात ती खूण. माणसाच्या कानाला ती ऐकू येऊ नये म्हणून भोवतालच्या मोठ्या आवाजाआड लपवलेली असते. भरगच्च रॉक असेल तर लपायला जागा भरपूर. एकटा सॅक्सोफोन, मागे हलका ब्रश, मध्ये श्वासाची जागा, असं असेल तर खूणही क्षीण. रेडिओतले लोक हे तेव्हापासून बोलत होते. २०१४ च्या सुमारास व्होल्टेअर नावाचं यंत्र आलं, ते ही खूण ठळक करून देई, आणि स्टेशनांनी ते हौसेने घेतलं. शेवटी २०१५ मध्ये नील्सनने (आर्बिट्रॉन तोवर त्यांनी घेतली होती) स्वतःच खूण अधिक ठळक केली. तोवर स्मूद जॅझची मोठ्या शहरांतली बहुतेक स्टेशनं बदलून गेली होती.

आमच्याकडचं डब्ल्यूएनयूए ९५.५ १९८७ चं. पियानोवादक रॅम्झी लुईस तिथे सकाळचा कार्यक्रम करायचे. स्वतः वाजवणारा माणूस लोकांना सकाळी कामाला पोचवतोय, ही गोष्ट मला अजून मोठी वाटते. 'स्मूद जॅझ' हे नावही शिकागोतल्या श्रोत्यांच्या एका चाचणी-बैठकीत एका सहभागी श्रोत्याच्या तोंडून आलं असं सांगतात. २२ मे २००९ ला त्या जागी स्पॅनिश स्टेशन आलं.

टेकडीवरून

त्याच आठवड्यात आमचं गेलं! सॅन फ्रान्सिस्कोचं केकेएसएफ १०३.७, १८ मे २००९ ला. क्लासिक रॉक लागलं. मी तेव्हा सनीवेलला होतो. हे स्टेशन एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी संग्रहाच्या सीडी काढायचं. मी त्या घेत आलो, अजून कपाटात आहेत. कितीतरी वादकांची नावं मला त्यांच्या पाठीवरूनच कळली. आकडेमोड यांचं सगळं पटतं, तरी त्या वर्षी मंदी होती, गाड्यांच्या जाहिराती आटल्या होत्या, हेही धरायला हवं.

हार्बर_लाईन

मीटरला एकट्याला दोष देणं मला पटत नाही. न्यूयॉर्कचं स्टेशन फेब्रुवारी २००८ ला गेलं, आणि तिथे मीटरचे आकडे अधिकृत झाले ते त्या वर्षाच्या ऑक्टोबरात. चाचणीचे आकडे मालकांच्या हातात आधीच आले असणार हे मान्य, पण घर आधीच पोखरलेलं होतं.

मी मनापासून जॅझ ऐकतो, आणि १९९० नंतरच्या या स्टेशनांवर माझा राग आहे. राग संगीतावर नाही. सल्लागार कंपन्या श्रोत्यांना हॉलमध्ये बसवून हातात एक चकती द्यायच्या. गाणं आवडलं तर उजवीकडे फिरवा, नाही तर डावीकडे. ज्या सेकंदाला चकती डावीकडे गेली तिथे काय होतं ते बघायचं. बहुतेकदा तिथे वादकाने काहीतरी अनपेक्षित केलेलं असायचं, एक वेडीवाकडी तान, एक कर्कश सूर. असं करत करत यादीत तेच उरलं ज्याने कुणाचाही हात हलला नाही. मग कंपन्यांनी वादकांना जुनी गाजलेली गाणी सॅक्सोफोनवर वाजवायला लावली, कारण ती चाचणीत तरतात. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर फिलाडेल्फियाच्या क्लबांत घाम गाळून वाजवणारा माणूस. त्याच्यापासून निघालेला रस्ता इथे आला याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि १९९६ चा अमेरिकेचा दूरसंचार कायदा. त्याआधी एका मालकाला देशभरात २० एएम आणि २० एफएम स्टेशनांची मर्यादा होती, ती काढून टाकली. क्लिअर चॅनल या रेडिओ कंपनीकडे पुढे हजाराच्या वर स्टेशनं झाली. आकडा घसरला की मुख्यालयातून निर्णय. ज्याने स्टेशन बंद केलं त्याने ते कधी स्वयंपाकघरात ऐकलेलं नसायचं.

आकडेमोड

हार्बर_लाईन, तारखेचं तुमचं बरोबर आहे. वयाचं मी लिहायला विसरलो. जाहिरातदार २५ ते ५४ वयासाठी पैसे देतात. श्रोते स्टेशनबरोबर म्हातारे होत गेले. पंचावन्नावा वाढदिवस झाला की आमच्या तक्त्यातून माणूस नाहीसा व्हायचा. काकू तर पहिल्या दिवसापासून मोजणीबाहेर होत्या. मी ते तक्ते रोज वापरले आहेत, म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही.

एक मात्र सांगतो. शिकागोतले लोक गप्प बसले नाहीत. २००९ मध्येच ८७.७ वर स्मूद जॅझ परत आलं. खरं म्हणजे ते कमी ताकदीचं टीव्ही स्टेशन होतं, चॅनल ६. जुन्या पद्धतीच्या चॅनल ६ चा आवाज एफएमच्या अगदी खालच्या टोकाला ऐकू येतो, त्याचा उपयोग करून घेतला. जुने निवेदकही होते. २०१२ पर्यंत चाललं.

थेम्सकाठ

लंडनहून. आमच्याकडे थोडं वेगळं झालं. जॅझ एफएम १९९० मध्ये १०२.२ वर सुरू झालं, २००५ मध्ये त्याचं स्मूद एफएम केलं. दिवसा सोल आणि ओळखीची गाणी, जॅझ रात्री. परवान्यात आठवड्याला ४५ तास जॅझची अट होती, म्हणून ती रात्री उरकायची. पण २००८ च्या ऑक्टोबरात जॅझ एफएम हे नाव डिजिटल रेडिओवर परत आलं आणि अजून आहे. निवेदक आहेत, बोलतात, वादकांना बोलावतात. माझ्या घरी रविवारी दिवसभर तेच असतं.

पेटीवाला

सगळ्यांनी इतिहास छान सांगितला, आता मोगरा यांना रेडिओ घेऊन देऊया.

वायफायवर चालणारा टेबल रेडिओ घ्या. तीन गोष्टी बघा. समोर आकड्यांची खरी, दाबायची बटणं असावीत, पडद्यावरची नव्हे. प्रत्येकावर एक स्टेशन साठवता येतं. एफएमही असावं. आणि स्टेशनचा प्रक्षेपणाचा पत्ता आपल्याला स्वतः भरता यावा. ही तिसरी बाब दुकानदार सांगत नाही. माझ्या पहिल्या सेटची स्टेशनांची यादी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून यायची. कंपनीने सर्व्हर बंद केला आणि चांगला चालणारा रेडिओ एका रात्रीत मुका झाला. सासऱ्यांना ते समजावून सांगताना माझी फार कठीण अवस्था झाली होती.

बटण १: सीब्रीझ, डब्ल्यूएसबीझेड. फ्लोरिडातल्या डेस्टिन गावचं, चक्क व्यापारी एफएम आणि स्मूद जॅझ. हवामान समुद्रकिनाऱ्याचं सांगतील, पण माणूस बोलतो.

बटण २: अटलांटाचं डब्ल्यूसीएलके. क्लार्क अटलांटा विद्यापीठाचं, देणग्यांवर चालतं. जॅझ, सोल, सगळं येतं.

बटण ३: याला इंटरनेटही नको. तुमच्या शेजारचं न्यूअर्कचं डब्ल्यूबीजीओ, ८८.३. १९७९ पासून जॅझ वाजवतात. स्मूद नाही, जरा खरखरीत जॅझ आहे, पण थंडी तुमच्याच गावची सांगतील.

मांडवी

पणजीहून वाचतेय. इथे घराघरांत सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट वाजवणारे होऊन गेले, त्यामुळे धागा सोडवत नाही. मला स्मूद जॅझ ठाऊक नाही, केनी जी लिफ्टमध्ये ऐकला तेवढाच. सुरुवात कुठून करू?

हार्बर_लाईन

मांडवी, दोनच सांगतो. गिटारवादक जॉर्ज बेन्सनचा १९७६ चा अल्बम 'ब्रीझिन' आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा १९८० चा 'वाइनलाइट'. दोन्ही चकत्यांच्या चाचण्या सुरू होण्याआधीचे. दुसरा रात्री, दिवे मालवून. बास गिटारकडे लक्ष द्या.

मोगरा_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड, तुमचं तक्त्याबद्दलचं वाक्य मी आईला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, मी ऐकत होते."

तीन आठवड्यांपूर्वी रेडिओ आणला. पत्ते पेटीवाला यांनी सांगितल्याप्रमाणे भरले. पहिले चार दिवस बटण १. आई खूश, सनई परत आली. पाचव्या दिवशी मी घरी आले तर बटण ३ लागलेलं, आणि कुणीतरी पियानोवर असं काही वाजवत होतं की मला दोन मिनिटं सूर सापडेना. मला वाटलं चुकून दाबलं गेलं. तर नाही. तिचं म्हणणं, तिथला माणूस गाणं संपलं की सगळ्यांची नावं सांगतो, ढोल कुणी वाजवला तेसुद्धा. "आकाशवाणीवर तबल्याच्या साथीला कोण ते सांगायचे ना, तसं." आता सकाळी १, आणि चारच्या चहानंतर ३, असं तिनेच लावून घेतलंय. जुना रेडिओ टाकू देत नाही, तो टिकलीसकट फ्रिजवर आहे.

एकच अडचण. ८८.३ ला खरखर येते, मिक्सर लावला की तर काहीच ऐकू येत नाही. काय करावं?

पेटीवाला

रेडिओच्या मागे अँटेनाची जागा आहे का बघा. असेल तर टी आकाराची वायरची अँटेना मिळते, स्वस्त असते. दोन्ही हात मिळून साधारण सव्वापाच फूट, आडवे सरळ ताणून खिडकीच्या चौकटीवर चिकटवा, आडवी बाजू ईशान्येकडे तोंड करून. गुंडाळून ठेवू नका. मिक्सर आणि रेडिओ एका प्लगपट्टीवर असतील तर आधी ते वेगळे करा. तेवढ्यानेही बराच फरक पडेल.

मोगरा_एडिसन

एकाच पट्टीवर आहेत. आज संध्याकाळीच बदलते.