मदत हवी आहे: स्विफ्ट ४० मिमी खाली घेतल्यावर टायर आतून झिजतोय, गाडी उजवीकडे ओढतेय

चेकनाका:
गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१९. टायर १८५/६५ आर १५. चारही बाजूंना ४० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्यात, शॉक ॲब्सॉर्बर कंपनीचेच आहेत. तेव्हापासून पुढचा डावा टायर आतल्या कडेने झपाट्याने झिजतोय. ईस्टर्न एक्सप्रेसवर स्टिअरिंगवरची पकड सैल केली की गाडी उजवीकडे सरकते आणि सरळ जाताना स्टिअरिंग किंचित तिरकं असतं. अलाइनमेंटचं रीडिंग असं: पुढचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल, उणे म्हणजे वरचा भाग आत) डावा −१°५०′, उजवा −१°०५′, पुढचा एकूण टो (वरून बघताना चाकांची दिशा) −०°२४′, मागे काही विशेष नाही. अलाइनमेंटवाला म्हणतो, ह्या गाडीत कॅम्बर सेट होत नाही, हवं तर जॅक लावून वाकवून देतो. कॅम्बर बोल्ट (चाकाचा कल बदलता येणारे) घेऊ का? कुठल्या मापाचे?

चौदाचा पाना:
जॅक लावून काहीही वाकवू देऊ नका. स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा खांब) वाकला की रॉड सीलवर तिरका घासतो आणि तेल गळायला लागतं. रीडिंग हिरवं दिसेल, पण शॉक जाईल.

टायर खातोय तो मुख्यतः टो. उणे २४ मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) म्हणजे टो-आउट, चाकं पुढून बाहेर फाकलेली, १५ इंची रिमच्या कडेला मोजलं तर अडीच मिमीच्या वर. गाडी खाली बसली की लोअर आर्म (चाक खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) वेगवेगळ्या कंसात फिरतात, त्यामुळे टो बदलणारच. कॅम्बर आतल्या कडेवर भार टाकतो आणि टो-आउट तीच कड रस्त्यावर घासत नेतो. टो बरोबर असता तर नुसत्या −१°५०′ ने टायर इतक्या वेगाने गेला नसता.

पण मला खटकतोय तो डाव्या-उजव्यातला ४५ मिनिटांचा फरक. स्प्रिंग दोन्हीकडे सारख्या, मग कॅम्बरही सारखाच उणे व्हायला हवा. हा फरक लोअरिंगचा नाही. गाडी ओढतेय तीही त्यामुळेच, कारण कॅम्बर ज्या बाजूला कमी उणे असतो तिकडे गाडी जाते. आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो, तरी तुमची उजवीकडे जातेय.

बोल्ट घेण्याआधी तीन गोष्टी कळवा. पुढचे टायर डावे-उजवे बदलून ओढ उलटते का (उलटली तर दोष टायरचा). हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे किती. आणि दोन्ही बाजूंचं एसएआय, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा समोरून बघतानाचा कल. मशीन ते दाखवतं, फक्त कास्टर (त्याच अक्षाचा बाजूने बघतानाचा कल) मोजताना स्टिअरिंग दोन्हीकडे वळवावं लागतं. बरेच जण वेळ वाचवायला ते टाळतात, तुम्ही मागून घ्या.

चेकनाका:
ओढ उजवीकडेच. उंचीत ३ मिमीचा फरक. एसएआय डावा १३°१०′, उजवा १२°२५′. स्प्रिंग टाकायच्या आधी क्लच प्लेटचं काम झालं होतं, त्याचा संबंध असेल का?

चौदाचा पाना:
नक्की असणार. एसएआयमधून उणे कॅम्बर वजा करा: डावीकडे ११°२०′, उजवीकडेही ११°२०′. दोन्हीकडचा आकडा जुळतोय, म्हणजे नकल (हब धरणारा भाग) आणि स्ट्रट सरळ आहेत. एका बाजूला दोन्ही कोन जास्त, दुसऱ्या बाजूला तेवढेच कमी, हे सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती खालची चौकट) डावीकडे सरकल्याचं लक्षण. क्लचसाठी ती सैल करतात आणि परत घट्ट करताना मध्यावर आणत नाहीत. अंदाजे ४ मिमी सरकली असेल.

गाडी लिफ्टवर घेऊन सबफ्रेमचे बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. पहारीने उजवीकडे रेटा आणि कंपनीच्या टॉर्कला आवळा. कॅम्बर दोन्हीकडे −१°२७′ च्या आसपास येईल. मग स्ट्रट आणि नकलचे दोन बोल्ट सैल करून चाकाचा वरचा भाग बाहेर ओढून धरा आणि तसेच आवळा. भोकांत थोडी मोकळीक असते, ती फुकट मिळते. दोन्हीकडे −१°१५′ च्या आत आलं तर रोजच्या गाडीला पुरे.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. स्टिअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायला सांगा. एकच फिरवला की स्टिअरिंग तिरकं राहतं, तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. एकूण टो ० ते +१०′ ठेवा.

कुर्लेकर:
वरच्या सगळ्याला +१. एक राहिलं: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना आवळले असतील, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते सैल करून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा. हे अलाइनमेंटच्या आधी.

एवढं करूनही बोल्ट लागलेच, तर जुना बोल्ट काढून व्हर्नियरने मोजा आणि त्याच मापाचा कॅम्बर बोल्ट मागा. सीएसटी रोडवर (कुर्ल्याकडचा स्पेअर पार्टचा बाजार) "स्विफ्टचा द्या" म्हणाल तर हाताला येईल तो देतील. हा बोल्ट मूळपेक्षा बारीक असतो, म्हणून टॉर्क पाकिटावरचाच. आवळल्यावर रंगाची रेघ मारून ठेवा. खड्ड्यांत सरकला तर दिसेल. भोक घासून मोठं करून देणाऱ्याकडे फिरकू नका.

कंपनीच्या शॉकवर ४० मिमी मला जास्तच वाटतं. पेव्हर ब्लॉकच्या चौकात गाडी बंप स्टॉपवर (शॉकची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) आपटत असेल, तर कमी स्ट्रोकचे शॉक घ्यावे लागतील. जुन्या स्प्रिंग भंगारात देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम) प्रश्न आला तर त्याच परत घालाव्या लागतील.

चेकनाका:
आभारी आहे. रविवारी लिफ्टची वेळ घेतलीय. टाय रॉडचे लॉकनट गंजलेत, ते हलतील का?

कुर्लेकर:
आदल्या रात्री तारेच्या ब्रशने साफ करून डब्ल्यूडी ४० मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. टाय रॉड पान्याने धरूनच नट सोडवा, नाहीतर बॉल जॉइंट पिळला जातो.