घरी २५६ जीबी रॅमचा डेस्कटॉप बांधावा की क्लाउडचं भाडं भरावं?

ऐरोलीकर

मंडळी, मत सरळ मांडतो. ज्याचं पोट डेटावर चालतं त्याने घरी मोठ्या रॅमचा डेस्कटॉप बांधावा, आणि पैसे ग्राफिक कार्डात घालायच्या आधी रॅममध्ये घालावेत. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो "कोणते गेम खेळणार", आणि तिथूनच बजेट चुकीच्या दिशेला जातं.

माझं काम आरोग्य विम्याच्या क्लेम्सचं. पाच वर्षांचे क्लेम, दहा कोटी ओळी, सीएसव्ही फाईल ४० जीबीच्या पुढे, त्यातून संशयास्पद क्लेम शोधून द्यायचे. सध्याच्या ६४ जीबीच्या मशीनवर पांडाजमध्ये (पायथनची टेबलं हाताळायची लायब्ररी) दोन टेबलं मर्ज करायला घेतली की रॅम भरते, मग स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) भरतो, माउस अडकत अडकत सरकतो आणि शेवटी लिनक्स स्वतःच पायथनला मारून टाकतो, टर्मिनलवर 'किल्ड' एवढाच शब्द, कुठे अडलं काय अडलं काही नाही. पांडाज ज्यांनी बनवलं त्या वेस मॅकिनींनीच २०१७ मध्ये लिहिलंय की डेटाच्या ५ ते १० पट रॅम धरून चाला. म्हणजे ४० जीबीला २०० जीबी तर किमान झाली.

डोक्यात असलेली जुळणी: एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर, त्याला लागणारा एएम५ सॉकेटचा बोर्ड, ६४ जीबीच्या चार स्टिक म्हणजे २५६ जीबी, जेन४ एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), साधं कॅबिनेट, ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस. ग्राफिक कार्ड नाही, प्रोसेसरमधलं पुरतं. बोला.

विदावेडी

असहमत. तुम्हाला रॅम कमी पडत नाहीये, तुमची पद्धत रॅम खातेय.

डायग्नोसिस कोड, हॉस्पिटलचं नाव, शहर, पॉलिसीचा प्रकार, हे सगळे कॉलम पांडाज जुन्या पद्धतीने पायथनचे ऑब्जेक्ट म्हणून ठेवतो आणि तिथेच निम्मी रॅम जाते, ते कॅटेगरी प्रकारात (प्रत्येक नावाला एक छोटा आकडा) करून बघा. त्याहून सोपं म्हणजे सीएसव्ही एकदाच पार्केमध्ये (कॉलमवार दाबून ठेवलेली फाईल) बदला आणि डकडीबी (छोटा डेटाबेस) नाहीतर पोलर्स (पांडाजसारखीच लायब्ररी) यांनी वाचा. डकडीबी मुळात रॅमचा ८० टक्क्यांपर्यंतच भाग घेतो आणि मोठा जॉइन (दोन टेबलांची जोडणी) मावला नाही तर डिस्कवर सांडून पुढे जातो. मी ठाण्यात ऑफिसच्या १६ जीबी लॅपटॉपवर याहून मोठ्या फाइल्सचे ग्रुप-बाय (गटवार बेरजा) रोज करते. मॅकिनींचं ते वाक्य मी पण वाचलंय, पण त्यांनी ते पांडाजची दुखणी सांगताना लिहिलं होतं, ते दुखणं औषध म्हणून का घेताय?

ऐरोलीकर

@विदावेडी ग्रुप-बाय आणि जॉइनचं म्हणताय ते शंभर टक्के मान्य, तेवढं डकडीबीत मी पण करतो. पण ते झाल्यावरच खरं काम सुरू होतं. मॉडेलसाठी साधा हिशोब करा: १० कोटी ओळी गुणिले ६० कॉलम गुणिले ८ बाइट, ४८ जीबी. मॉडेलला द्यायची ही एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता. तिची एक कॉपी झाली की ९६, आणि पायथनमध्ये कॉपी कधी होते ते कळतही नाही.

विदावेडी

फ्लोट३२ करा, म्हणजे आकड्याला ८ ऐवजी ४ बाइट, २४ झाली. लाइटजीबीएम (मॉडेल बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर तो २५५ पर्यंत बिन (आकड्यांचे गट) असतील तर प्रत्येक आकडा १ बाइटमध्ये ठेवतो, म्हणजे ६ जीबी. आणि बिन करायच्या आधी अख्खी मॅट्रिक्स उघडायला लागू नये म्हणून त्यात सीक्वेन्सने तुकड्या-तुकड्याने डेटा द्यायची सोय आहे. ४८ वरून ६ वर आलो आपण, एक रुपया खर्च न करता.

ऐरोलीकर

ही सीक्वेन्सची गोष्ट कामाची आहे, घेतो. पण माझा सगळ्यात जड भाग ग्राफचा आहे आणि तिथे तुमचा उपाय लागू पडत नाही. पेशंट, डॉक्टर, हॉस्पिटल, एजंट, बँक खातं, यांचं एकमेकांशी असलेलं जाळं. एकाच खात्यात वेगवेगळ्या पेशंटचे पैसे जातायत का, तोच डॉक्टर दोन हॉस्पिटलांत एकाच दिवशी सही करतोय का, हे बघताना एका नोडवरून (जाळ्यातल्या बिंदूवरून) दुसऱ्यावर कुठेही उडी मारावी लागते. ओळीने वाचायचं असेल तर एनव्हीएमई सेकंदाला ७ जीबी देतो, खूप झालं. पण उड्या मारायच्या तर रॅमला एका उडीला १०० नॅनोसेकंदाच्या आसपास लागतात आणि एनव्हीएमईला ५० ते १०० मायक्रोसेकंद. हजार पटीच्या आसपासचा फरक आहे हा, रॅममध्ये दहा मिनिटांत होणारी गोष्ट डिस्कवर आठवडा खाईल. तुमचं काम ओळीने वाचायचं आहे म्हणून १६ जीबीत भागतं, सगळ्यांचं तसं नसतं.

महापे_नाईट_शिफ्ट

भाऊ, तुम्ही ऐरोलीत राहता, रबाळे-महापेपर्यंत डेटा सेंटरची रांग लागलीय आणि तुम्ही हॉलमध्ये सर्व्हर बांधताय. एडब्ल्यूएसचा, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचा, मुंबई रीजन २०१६ पासून आहे. त्यांच्या जास्त रॅमवाल्या आर सिरीजमध्ये ३२ व्हीसीपीयूला (आभासी कोर) २५६ जीबी मिळते, तासावर घ्या, काम झालं की बंद करा. महिन्यातून चार-पाच दिवसच ग्राफचं काम असेल तर एवढे लाख अडकवून कशाला ठेवायचे? वर दोन वर्षांनी ते मशीन जुनं, विकायला गेलात की निम्म्यालाही जाणार नाही.

ऐरोलीकर

रोज आहे हो, चार-पाच दिवस नाही. आणि क्लायंटच्या करारात स्पष्ट कलम आहे की डेटा त्यांनी मंजूर केलेल्या मशीनच्या बाहेर जाणार नाही. लोकांच्या आजारपणाची माहिती आहे ती. डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून क्लायंट जास्तच कडक झालेत.

महापे_नाईट_शिफ्ट

कायद्याचं नाव पुढे करू नका. डीपीडीपी २०२३ चा आहे आणि त्यात क्लाउडला मनाई कुठेही नाही, सुरक्षिततेची जबाबदारी आहे. मनाई तुमच्या करारात आहे, आणि करार बोलून बदलता येतो. उलट मी विचारतो, तुमच्या घरच्या मशीनला डिस्क एन्क्रिप्शन आहे का? मशीन चोरीला गेलं तर? डेटा सेंटरला गेटवर बोटाचा ठसा घेतात, तुमच्या बिल्डिंगच्या गेटवर रजिस्टरात कोणीही काहीही लिहून आत येतो.

ऐरोलीकर

एन्क्रिप्शन आहे, पूर्ण डिस्कला, बूट करताना पासवर्ड टाकावा लागतो. करार बदलायचं म्हणाल तर दोनदा विचारून झालं, त्यांचा लीगल विभाग नाहीच म्हणतो. मोठ्या कंपनीला ते सोपं असेल, एकट्या माणसाला नाही.

नौपाड्याचा_असेंबलर

क्लाउड-बिउड बाजूला ठेवा, मी जुळणी करून देतो म्हणून हार्डवेअरचं बोलतो. मित्रा, चार स्टिकचा मोह सोड. एएम५ ला चॅनल (रॅम ते प्रोसेसरचे रस्ते) दोनच, स्लॉट चार असले तरी. एएमडी स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहितं, ९९५०एक्सला दोन स्टिक लावल्या तर वेग ५६००, चार ड्युअल रँक (चिपांचे दोन संच असलेल्या) लावल्या तर ३६००. बँडविड्थ काढ: ५६०० ला सेकंदाला ८९.६ जीबी, ३६०० ला ५७.६. सोळा कोर त्या ५७ वर भांडणार. खोक्यावर ६००० लिहिलंय म्हणून एक्स्पो (रॅमचा तो जास्तीचा वेग लावायची सोय) चालू करशील आणि चार स्टिकवर ते टिकलं नाही की कधी तीन तासांनी, कधी दोन दिवसांनी मशीन आपोआप रिस्टार्ट होईल, आणि तुला वाटेल कोड चुकला.

आणि पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहते, बोर्डावरचा पिवळा डीरॅमचा दिवा पेटलेला, काहीच हलत नाही. ते मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, मोठ्या स्टिक असतील तर कितीतरी मिनिटं जातात. लोक घाबरून बटन दाबून बंद करतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू होतं. चहा करून प्या, हात लावू नका. मग मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) रात्रभर, आणि एक जरी एरर आली तर स्टिक परत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी मी मेमटेस्टशिवाय मशीन देत नाही, यावरून भांडणं झालीयत पण सोडलेलं नाही.

सीवूड्स_आकडे

स्पीडपेक्षा मोठी गोष्ट, स्वतःची चूक पकडून दुरुस्त करणारी रॅम, कोणी बोलतच नाहीये. ईसीसी. २५६ जीबी रॅम आठवडाभर एक मॉडेल धरून बसणार आणि त्यात एखादा बिट उलटला तर मशीन क्रॅश होईलच असं नाही, आकडा गुपचूप बदलेल. २००९ मध्ये गुगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या लोकांनी गुगलच्या सर्व्हरांचा अभ्यास छापला होता, वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये एरर सापडल्या. तुमच्या आकड्यावरून कोणाचा क्लेम अडकणार आहे, कोणाच्या घरी ऑपरेशनचं बिल थकणार आहे. अशा कामाला नॉन-ईसीसी रॅम लावणं मला पटत नाही, आणि इथे मी तडजोड करणार नाही.

कळवा_२४

डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच की, वेगळं कशाला घ्यायचं?

सीवूड्स_आकडे

नाही, हा गैरसमज फार पसरलाय. डीडीआर५ मध्ये असतं ते चिपच्या आतलं, चिपच्या पोटातली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात काही झालं तर ते त्याला दिसत नाही, आणि चूक झाली होती हे ऑपरेटिंग सिस्टिमलाही कळत नाही. खऱ्या ईसीसीच्या स्टिकवर जास्तीच्या चिप असतात, आणि लॉगमध्ये नोंद दिसते की अमुक स्टिक बिघडायला लागलीय. एएम५ च्या बऱ्याच बोर्डांवर ईसीसी यूडीआयएमएम (डेस्कटॉपला लागणाऱ्या स्टिक) चालतात, पण बोर्डाच्या पानावर लिहिलंय का ते बघूनच घ्या. इंटेलच्या १२ ते १४ व्या जनरेशनला त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. लिनक्स बनवणाऱ्या लायनस टोरवाल्ड्सने २०२१ च्या जानेवारीत याच गोष्टीवरून इंटेलवर जाहीर राग काढला होता, की साध्या माणसाच्या मशीनमधून यांनी ईसीसी काढून घेतलं.

नौपाड्याचा_असेंबलर

तत्त्व बरोबर आहे पण माल कुठाय? ईसीसी यूडीआयएमएम मुंबईत कॉम्प्युटर मालाच्या लॅमिंग्टन रोडवर सुद्धा सहसा काउंटरवर ठेवलेली नसते, ऑर्डर द्यावी लागते, आगाऊ पैसे द्यावे लागतात. आणि घाईत स्वस्त मिळाली म्हणून सर्व्हरची आरडीआयएमएम उचलू नका. डीडीआर५ ची खाच वेगळी आहे म्हणून ती बसणारच नाही. डीडीआर४ मध्ये मात्र ती गंमत नाही, साध्या बोर्डात व्यवस्थित बसते, खटकन क्लिप लागते, आणि मशीन चालू होत नाही. माझ्याकडे एक मुलगा अशा चार स्टिक घेऊन आला होता, दुकानदार म्हणाला होता चालेल, परत घ्यायला तयार नाही.

नेरुळ_होमलॅब

मग त्या आरडीआयएमएमसाठीच असलेला बोर्ड घ्या ना! सगळे एएम५ वरच का अडकलेत कळत नाही. एएमडीचा जुना सर्व्हर प्रोसेसर एपिक ७००२, म्हणजे २०१९ चा 'रोम' नावाचा, सेकंड हँड. आठ चॅनल डीडीआर४-३२००, २०४.८ जीबी सेकंदाला, तुमच्या चार स्टिकवाल्या रायझनच्या साडेतीन पट. आठ स्लॉटमध्ये ३२ च्या आठ टाकल्या की २५६ झाली, ईसीसी त्यात आलंच, उद्या ६४ च्या टाकल्या तर ५१२. १२८ पीसीआयई लेन (कार्ड आणि डिस्क जोडायचे रस्ते), एनव्हीएमई कितीही लावा. माझ्याकडे असंच चालू आहे.

एकच सांगतो, प्रोसेसर घेताना कुठल्या ब्रँडच्या सर्व्हरमधून काढलाय ते विचारा. काही कंपन्या प्रोसेसर आपल्या बोर्डाशी कायमचा लॉक करतात, दुसऱ्या बोर्डावर तो चालतच नाही, आणि बघून काही कळत नाही.

विदावेडी

@नेरुळ_होमलॅब आणि वीज? रिकामं बसलं तरी १०० वॅट धरा, २४ तास म्हणजे महिन्याला ७२ युनिट, नुसतं बसून. महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जे घर आधीच आहे त्याला ती सगळी युनिटं महागातलीच पडणार. मे महिन्यात त्या खोलीत एसी लागणार तो वेगळा. आणि सर्व्हर बोर्डाला हळू फिरणारे शांत पंखे लावले की तो समजतो पंखा बंद पडला, आणि सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडतो. २बीएचकेमध्ये रात्री दोन वाजता.

नेरुळ_होमलॅब

पंख्याच्या किमान वेगाची ती मर्यादा आयपीएमआयमधून (सर्व्हर बोर्डाची कंट्रोलची सोय) खाली आणता येते, एकदाच करायचं काम आहे. आणि २४ तास चालू कोणी ठेवायला सांगितलं, काम झालं की बंद करा. विजेचं म्हणाल तर यूपीएस मात्र प्युअर साइन वेव्हचाच घ्या, कुठलंही मशीन असो. आजकालच्या एसएमपीएसला साध्या यूपीएसची लाइट कधी कधी चालत नाही, वीज गेली की यूपीएस असूनही मशीन बंद.

कळवा_२४

भाव कोणी बघितलेत का? २०२५ च्या शेवटापासून रॅम दुप्पट-तिप्पट झालीय. थांबा की सहा महिने.

नौपाड्याचा_असेंबलर

कशाच्या भरवशावर थांबायचं? मोठ्या प्रमाणावर रॅम बनवणारे मुख्य तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, आणि तिघंही एआयवाल्यांसाठी एचबीएम (एआय चिपांना लागणारी वेगवान रॅम) बनवण्यात गुंतलेत. तेवढ्याच जीबीच्या एचबीएमला साध्या डीडीआर५ च्या तिप्पट वेफर (चिप कापायच्या सिलिकॉनच्या चकत्या) लागतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या आपल्या ब्रँडचा किरकोळ धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. ज्याला काम आज आहे त्याने आज घ्यावी, हौस असेल त्याने थांबावं.

महापे_नाईट_शिफ्ट

म्हणूनच म्हणतोय भाड्याने घ्या, भाव चढलेले असताना विकत घेणं म्हणजे...

ऐरोलीकर

@महापे क्लाउडवाल्यांना रॅम फुकट मिळते का, ते पण तीच रॅम घेतात, आज ना उद्या भाड्यात येणारच.

बाकी सगळ्यांचं वाचून जुळणी बदलतो. एपिकचा मोह होतोय, पण घरात लहान मूल आहे, आवाज आणि वॉरंटी या दोन गोष्टींवर मी तो सोडतो. सीवूड्सचं ईसीसीचं मात्र पूर्ण पटलं, क्लेम कोणाचा तरी खरा असतो. तर एएम५, ईसीसी चालणारा बोर्ड, ४८ च्या दोन ईसीसी स्टिक, ९६ जीबी. मॅट्रिक्स विदावेडींच्या पद्धतीने. ग्राफला कमी पडली तर दिवाळीला अजून दोन टाकून १९२ करतो.

विदावेडी

९६ पण घेण्याआधी मोजा. सध्याच्या मशीनवर ग्राफचा एक छोटा तुकडा, एका जिल्ह्याचा, /यूएसआर/बिन/टाइम -व्ही लावून चालवा आणि मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझचा (जास्तीत जास्त किती रॅम लागली त्याचा) आकडा इथे टाका. मग दोन जिल्ह्यांचा, मग चार. आकडा कसा वाढतो ते बघून सांगते किती लागेल. नेटवर्कएक्समध्ये (पायथनची ग्राफची लायब्ररी) असाल तर आधी सोडा ते, प्रत्येक नोड आणि त्यांच्यातल्या दुव्यासाठी पायथनची डिक्शनरी बनते, आयग्राफ या लायब्ररीत किंवा सायपायच्या स्पार्स (फक्त शून्य नसलेले आकडे ठेवणाऱ्या) मॅट्रिक्समध्ये हाच ग्राफ कितीतरी लहान होतो.

नौपाड्याचा_असेंबलर

आणि दोन आता, दोन दिवाळीला, हे करू नकोस. तोच ब्रँड, तोच मॉडेल नंबर घेतलास तरी सहा महिन्यांनी आत चिप दुसऱ्याच कंपनीची निघू शकते, आणि डीडीआर५ अशा मिश्र चार स्टिकवर ट्रेन व्हायला फार कुरकुर करते. घ्यायच्या तर चार एकदम घे, नाहीतर ६४ च्या दोनच घे आणि तिथेच थांब.

सीवूड्स_आकडे

६४ ची ईसीसी यूडीआयएमएम मिळवून दाखवा आधी.

नौपाड्याचा_असेंबलर

उद्या लॅमिंग्टनला चाललोय, दोन-तीन ठिकाणी विचारतो आणि लेखी कोटेशन घेऊन येतो, जीएसटी धरून.