राज्यसभेचे मतदान खुले ठेवून नेमके काय साधले?

पंचगंगा:
राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने पसंतीक्रम लिहिला की मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी ती पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. घोडेबाजाराला आळा बसावा म्हणून २००३ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात ही तरतूद झाली. परंतु १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातील सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा आमदारांना आधी हॉटेलांत ठेवण्यात आले, मुक्ता टिळक आणि लक्ष्मण जगताप हे गंभीर आजारी आमदार पुण्याहून रुग्णवाहिकेतून विधान भवनात आले, आणि कोणाची मतपत्रिका कोणाला दिसली यावरून निवडणूक आयोगाकडे तक्रारी होऊन निकाल पहाटेवर गेला. शिवसेनेचे सुहास कांदे यांचे मत तर याच दाखवादाखवीत बाद झाले. पक्षाने सांगितलेला आकडा लिहून तो पक्षालाच दाखवायचा असेल, तर आमदाराला मतदार म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. हे मतदान पुन्हा गुप्त व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वऱ्हाडी:
गुप्त मतदानाची फळे महाराष्ट्राने चाखलेली आहेत. १९९८ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार राम प्रधान मते फुटल्यामुळे पडले. याउलट २०२२ मध्ये काँग्रेसचे आमदार ४४ होते आणि पक्षाचे उमेदवार इम्रान प्रतापगढी यांना पहिल्या पसंतीची मतेही ४४ मिळाली. महाविकास आघाडीचा एक उमेदवार पडला, पण मतांच्या गळतीचा संशय आघाडीच्या नेत्यांनीच अपक्षांवर घेतला, आणि अपक्षाला आपली मतपत्रिका कोणालाच दाखवता येत नाही, हे लक्षात घ्यावे. दहाच दिवसांनी विधान परिषदेसाठी याच आमदारांनी गुप्त मतदान केले, तेव्हा राज्यसभेला १२३ असलेली भाजपची मते १३० च्या पुढे गेली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्याने पक्षापासून मत लपवावे, हा हक्क त्याला कोणत्या मतदाराने दिला?

पंचगंगा:
मग हिमाचल प्रदेशाचे काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे काँग्रेसच्या सहा आमदारांनी खुल्या मतदानात विरोधी उमेदवाराला मते दिली, काँग्रेसचे अभिषेक मनू सिंघवी आणि भाजपचे हर्ष महाजन यांना प्रत्येकी ३४ मते पडली आणि चिठ्ठी काढून महाजन विजयी ठरले. ते सहा जण पुढे अपात्र ठरले खरे, पण ते अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश मोडल्याबद्दल. राज्यसभेला पक्षाविरुद्ध मत दिल्याने आमदारकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या कुलदीप नय्यर प्रकरणात खुले मतदान वैध ठरवतानाच सांगितले आहे. फुटायचे ठरवलेला उघडपणे फुटतो. जाच होतो तो केवळ वेगळे मत असलेल्या सरळ आमदाराला.

आकडेमोड:
आपण दोघेही २०२२ चा दाखला देता, म्हणून थोडे गणित मांडतो. पहिल्या पसंतीत शिवसेनेच्या संजय पवारांना ३३ आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७ मते होती, तरी महाडिक निवडून आले. कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते देऊन त्यांची गरजेपेक्षा जास्तीची मते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळवली होती. वैध मते २८४, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारा मतांचा कोटा साधारण ४०.५८. भाजपची १२३ मते तिघांना पुरत होती, आघाडीची १६१ चौघांना पुरत नव्हती, आणि कांदे यांचे मत धरले असते तरी निकाल हाच लागला असता. तेव्हा तुरुंगात असलेल्या आघाडीच्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना मात्र न्यायालयाने मतदानाची परवानगी नाकारली. ती दोन आणि कांदे यांचे एक मत मिळवले तर आघाडीची १६४ होतात, म्हणजे दर उमेदवारी बरोबर ४१, आणि भाजपचीही तितकीच. लढत अक्षरशः काट्यावर आली असती. खुले की गुप्त यापेक्षा, शिक्षा न झालेल्या आमदाराचा मताधिकार कोठडीमुळे जावा का, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

वऱ्हाडी:
गणित मान्य आहे, परंतु कोठडीतील सामान्य नागरिकालाही मतदान करता येत नाही. आमदारांना वेगळा न्याय कशासाठी? पंचगंगा यांच्या हिमाचलच्या उदाहरणावरून मी उलट मागणी करेन: राज्यसभेचे मतदानही पक्षांतरबंदीच्या कक्षेत आणावे.

पंचगंगा:
तसे असेल तर मतदान तरी कशाला घ्यायचे? पक्षनिहाय संख्याबळ पाहून विधिमंडळ सचिवांनीच जागा वाटून द्याव्यात.