मदत हवी आहे : जर्मनीत कस्टममध्ये पार्सल अडकलंय

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. लहान बहीण जर्मनीत शिकायलीय, तिला पोस्टानं पार्सल पाठवलं होतं, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आन थोडे कपडे. आता तिला लेटर आलंय की कस्टम ऑफिसला स्वतः या, बिल दाखवा आन त्यांच्यासमोर बॉक्स उघडा. घरच्यांनी पाठवलेलं गिफ्ट असलं तर 45 युरोपर्यंत ड्युटी नाही हे माहितीय, पण घरच्या चटणीचं बिल कुठून आणायचं ओ? त्यात आईनं मला न सांगता कपड्यांच्या घडीत तुपाची बरणी आन कुंथलगिरीचे पेढे सरकवलेत, आन भारतातून दुधातुपाचं काहीच तिकडं पोस्टानं चालत नाही. आई म्हणती घरचं तूप हाय, साहेबाला थोडं चाखायला दे म्हणावं! (कपाळ.)

तर कुणाला अनुभव असेल तर सांगा, नुसतं तूप-पेढे काढून घेतात का सगळा बॉक्सच परत पाठवतात? दंड बसतो का? आन किंमत साध्या कागदावर लिहून दिली तर चालती का? तिची परीक्षा चालूय, ते ऑफिस लवकर बंद होतंय आन बस बदलत जावं लागतंय, म्हणून आधीच विचारायलोय.