पेशंट यायलाच तयार नाही, ॲडमिट कसं करायचं? (कलम 89)

मुक्ता_स
धाकटा दीर, वय 29. स्किझोफ्रेनियाचं निदान तीन वर्षांपूर्वीचं, आठ महिन्यांपासून गोळ्या बंद. डॉक्टरांचं नाव काढलं की खोलीचं दार लावून घेतो. एक पुनर्वसन केंद्र म्हणतंय, "तुम्ही फक्त सही करा, आमची माणसं गाडी घेऊन येतील." हे कायदेशीर आहे का? नुसत्या भावाच्या सहीवर ॲडमिट करता येतं का? आणि तोवर जेवणातून गोळी दिली तर? सासूबाईंचा तोच आग्रह आहे.

कलमकसाई
गाडीवाल्यांना आधी नाही म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 (लागू 29 मे 2018 पासून) घरच्यांच्या नुसत्या सहीला ॲडमिशन मानत नाही. व्यसनमुक्तीच्या नावाने चालणारी केंद्रंही सुटत नाहीत, दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक स्थिती याच कायद्याच्या व्याख्येत येतात. केंद्राकडे मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ झाली की समजून जा.

रस्ता कलम 89 चा, म्हणजे पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना त्याला ॲडमिट करण्याचा. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. पेशंटने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक चालतो, म्हणजे भावाची सही चालेल, पण ती अर्जावरची. निर्णय दोघांच्या तपासणीवर: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक (उदा. नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) किंवा साधा नोंदणीकृत डॉक्टर. दोघांनी स्वतंत्रपणे, ॲडमिशनच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत तपासायचं. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. लोक दोन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी घेऊन येतात आणि रात्री अकराला कॅज्युअल्टीत वाद घालत बसतात.

वॉर्ड_चार
वरच्यात भर. तपासणी दवाखान्यातच व्हायला हवी, असं कायद्यात कुठेही नाही. घरी येणारा मनोविकारतज्ज्ञ शोधा, फॅमिली डॉक्टर ओळखीचे असतील तर दुसरी तपासणी त्यांची. पेशंट त्यांच्यासाठी दार उघडतो, ही मोठी गोष्ट.

आता अर्जातला मजकूर. "वेड्यासारखा वागतो, ऐकत नाही" असं लिहिलंत तर तो कागद कामाचा नाही. दिसलेलं लिहा, तारखेसकट: "3 तारखेपासून दिवसातून एकदाच, तेही फक्त बिस्किटं. 9 तारखेला रात्री गॅस चालू ठेवून झोपला. अंघोळ 20 दिवस नाही. पाण्यात विष आहे म्हणून दिवसभर पाणी नाही." सोबत जुनी प्रिस्क्रिप्शन्स, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आधार.

जेवणातून गोळी नकोच. ज्याला जेवणात विष वाटतंय, त्याला एक दिवस वरणात पांढरा कण सापडला की त्याचा संशय खरा ठरतो, मग तो आईच्या हातचंही खात नाही. शिवाय गोळीच्या दुष्परिणामाने मान वाकडी होणं, जीभ जड होणं असं काही झालं तर कारण कळणारच नाही. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियाच्या औषधाला तर ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते, ती लपून कशी करणार? आणि चहात मिसळायची आयडिया कुणी देईल म्हणून सांगते: रिस्पेरिडोन या दुसऱ्या औषधाचं द्रावण चहाबरोबर चालत नाही, तसं लेबलवरच असतं.

निशाचर२७
कायदा ठीक, पण कलम 89 चा उंबरठा फारच उंच आहे. माणूस स्वतःला वा दुसऱ्याला इजा करेल तेव्हाच हात घालायचा? तोवर आजार मुरतो.

मुक्ता_स
तो मारहाण करत नाही, धमकीही देत नाही. मग बसतच नाही का यात?

कलमकसाई
बसू शकतं. निशाचर, तीन निकष आहेत आणि लोक दोनच वाचतात. तिसरा: स्वतःची काळजी घेता न येणं, इतकं की त्याला स्वतःलाच इजा होण्याचा धोका व्हावा. पाणी न पिणं त्यात येतं. नुसतं एकलकोंडं राहणं येत नाही, आणि तेवढा उंबरठा हवाच. नाहीतर जमिनीच्या वाटणीत उद्या कुणीही भावाला आत टाकेल.

मुदत 30 दिवस. रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा ॲडमिशनवर लक्ष ठेवणारं मंडळ) सात दिवसांत कळवायचं, पेशंट बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. पुढे ठेवायचं तर कलम 90, तिथे दोन मनोविकारतज्ज्ञ लागतात. पाणीच बंद झालं, जीव धोक्यात आला तर कलम 94: कुणीही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, त्यात रुग्णालयात नेणंही आलं. पण त्यात डॉक्टर असतो, गाडीतले चार पैलवान नव्हे. साखळीने बांधायला तर कलम 95 ची सरळ बंदी आहे.

वॉर्ड_चार
ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण आधी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराच्या खाटेची चौकशी करा. घरापासून जवळ असेल तर भेटी टिकतात. कुठे जायचं कळेना तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट.

ॲडमिट झाल्यावर दर सात दिवसांनी त्याची निर्णयक्षमता तपासली गेली पाहिजे, केसपेपरवर नोंद आहे का विचारा. समज परत आली की संमती त्याचीच. गोळ्या सुटतात हे माहीत आहेच, तर महिन्याला घ्यायच्या इंजेक्शनचा विषय तेव्हा त्याच्यासमोर काढा, त्याच्या पाठीमागे नाही. आणि डिस्चार्जनंतर तो बरा असताना आगाऊ निर्देश लिहून घ्या: कोणतं औषध सोसतं, कोणतं नको, प्रतिनिधी कोण. तो मोठ्या भावाऐवजी तुमचं नाव घालेल कदाचित. घालू द्या.